इतर

गावाचं नाव खत.
बाणकोटला फोनवर सांगितलं तर अम्मा हसली:
शेणखत की खरेदीखत?
दोन्ही नाही गं. रास अल खैमाच्या डोंगराखाली
गरम पाण्याचा झरा, खजुराच्या बागा
आणि पेट्रोल पंपामागे आमचं टायपिंग सेंटर.
दोन काउंटर, एक कुंडी, एक मी.
मदरशात शिकलेली लिपी इथं पोट भरते.

अफरा बिन्त सुरूर साडेआठला आली.
बिस्किटांच्या डब्यात कागद, कागदाला वेलचीचा वास,
घडीवर घडी पडून मधली ओळ गेलेली,
खाली तीन साक्षीदारांचे अंगठे,
तिघेही आता मातीत.
"नातू म्हणतो सगळं फोनमध्ये गेलंय.
माझी बाग फोनमध्ये कशी गेली?"

मी फॉर्म उघडला.
ईमेल? नाही.
मोबाइल? आहे, पण नातवाकडे, आणि नातू दुबईत.
सहा आकडे त्याच्याकडे जातात
आणि तो रात्रपाळी करून झोपलेला.
तो उठेपर्यंत बोटं घेऊ म्हटलं.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
दुसरं बोट. पुन्हा प्रयत्न करा.
लिंबं तोडून, झापं विणून, दोर ओढून
बोटांवरच्या रेघा केव्हाच गेलेल्या.
रेशनच्या दुकानात अम्माचा अंगठा असाच उठत नाही,
तिची युक्ती मला पाठ आहे:
कोमट पाणी, मग खोबरेलाचा थेंब,
मग ओढणीला हलकंसं पुसून.
सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला.
"ओळखलं वाटतं मला," म्हातारी म्हणाली.

मग चतुःसीमा.
उत्तरेला? "आईनं लावलेली लुलू."
दक्षिणेला? "जिथून पाणी आत येतं."
पूर्वेला? "सैफचा गोठा. सैफ गेला, गोठा लिही."
पश्चिमेला तिनं नुसता हात केला,
कॅलेंडरच्या, भिंतीच्या, पंपाच्या पलीकडे, डोंगराकडे.
पडद्यावरच्या यादीत चारच शब्द:
रस्ता, भूखंड, ओढा, इतर.
मी चार वेळा इतर निवडलं.

इतर.
आमच्या सातबाऱ्यावर मामांची नावं वर,
अम्माचं खाली, इतर हक्कात.
अम्माला वाचता येत नाही.
मला येतं.

चारही पुसले.
उपग्रहाचं चित्र मोठं करून दाखवलं.
तिला ते करपलेल्या रोटीसारखं दिसलं.
मग पिशवीतून तिनं खजुराच्या बिया काढल्या,
काउंटरवर मांडत गेली, एकेकीचं नाव घेत,
खलास, लुलू, खुनैझी, पुन्हा खलास, नगाल,
मधून माझी पेन्सिल आडवी: हे पाणी.
मागं व्हिसावाला खोकला. पुन्हा खोकला.
सतरा बिया.
मी पडद्यावरचे ठिपके मोजले. सोळा.
चष्मा पुसून मोजले. सोळा.

"सतरावं माझ्या लग्नाच्या वर्षीच वाळलं.
बुंधा आहे. हद्द तिथंच.
वरून नाही दिसायचं,
पण वरून बघायला सांगितलंय कुणी?"

शेऱ्याला साठ अक्षरं मिळतात.
मेलेलं झाड साठ अक्षरांत बसवायला
मला पाऊण तास लागला.
'बुंधा' ठेवला, 'जुना' काढला,
'लग्नाच्या वर्षी' फार वाटत होतं ठेवावं,
काढलं.

एव्हाना नातू उठला. सहा आकडे आले.
पावती तिला वाचून दाखवली, सगळी,
क्रमांकासकट, आणि दर आकड्याला
ती मान हलवत राहिली, हिशेब पटल्यासारखी.
"आता फोनमध्ये गेली?"
गेली, खाला.
"आणि तिथंही आहे ना?"
आहे.
तिनं बिया मोजून पिशवीत भरल्या.

मशीनच्या काचेवरचं खोबरेल
पुसायचं राहून गेलं.
संध्याकाळपर्यंत जो येईल त्याचं बोट
पहिल्याच वेळी लागत होतं.